‘मला दिवस गेलेत’ हे तिला सांगता आले पाहिजे

अभ्यास लेख : धोक्याच्या कामावरील गरोदर बहिणी, त्यांचे हक्क आणि आपली जबाबदारी



‘मला दिवस गेलेत’ हे वाक्य आपल्या घरांत आनंदाने बोलले जाते. सासू देवाचे आभार मानते, शेजारीण डोहाळे विचारते, मंडळीत त्या बहिणीसाठी प्रार्थना होते. पण बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एखाद्या गाळ्यात पावडरच्या गोणी भरणारी आपली आदिवासी बहीण हेच वाक्य ठेकेदारापासून लपवते. ओढणी पोटावरून घेते. जड ड्रम हलवायचा असेल तर मागे सरत नाही, कारण मागे सरली तर कोणाला तरी शंका येईल. वीटभट्टीवरच्या बहिणीला लपवता येत नाही, ते सगळ्यांना दिसतेच. पण तिथे सांगून काही बदलत नाही. एकीला सांगितले तर काम जाण्याची भीती, दुसरीला सांगूनही काम तेच.

गरोदर कामगार स्त्रीसाठी आपल्या देशात कायदे आहेत आणि ते बरे आहेत. पण त्यांतला जवळजवळ प्रत्येक हक्क तिच्या सांगण्यापासून सुरू होतो. तिला निर्भयपणे सांगता येत नसेल, तर कायदा कपाटातच राहतो. या तिमाहीच्या अभ्यासात आपण पाहणार आहोत : धोका नेमका कुठे आहे, कायदा काय देतो, ती गप्प का राहते आणि आपण काय करू शकतो.

१. आपल्या भागातले काम

बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकिनाऱ्यावर नवापूर गाव आहे. बोईसर आणि किनारा यांच्यामध्ये तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. इथे रसायने, रंग, औषधे, कापड, पोलाद असे अनेक उद्योग आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील औद्योगिक वसाहतींचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर सर्वांत वर होते. कारखान्याच्या फाटकाबाहेर ही स्थिती असेल, तर फाटकाच्या आत आठ तास उभे राहणाऱ्या स्त्रीचे काय होत असेल, याचा विचार करावा.

स्फोट झाला की बातमी होते. जानेवारी २०२० मध्ये इथल्या एका रासायनिक कारखान्यातील स्फोटाचा आवाज कित्येक किलोमीटरपर्यंत गेला आणि माणसे दगावली. पण तिसऱ्या महिन्यात कोणाचा गर्भ पडला, तर त्याचा आवाज घराबाहेरही जात नाही. ‘नशीब’ म्हणून तो विषय संपतो.

या वसाहतीत काम करणाऱ्या बऱ्याच स्त्रिया कंपनीच्या कायम नोकर नसतात. त्या ठेकेदाराकडून येतात : पॅकिंग, साफसफाई, बाटल्या धुणे, माल उतरवणे. डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाडा इकडच्या पाड्यांतून दुसऱ्या हजारो जणी भातकापणी व दिवाळी झाली की कुटुंबासह वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्यांवर माती मळणे, विटा थापणे, डोक्यावर विटा वाहणे हे काम पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालते. किनाऱ्यावरच्या मच्छीमार बहिणी माशांच्या आणि बर्फाच्या पाट्या उचलतात. प्रत्येकीचे काम वेगळे असले, तरी पोटातल्या बाळाला होणारा त्रास सारखाच खरा आहे.

२. धोका कधी आणि कसा

आपल्याकडे समज असा आहे की सातवा महिना लागला की जपायचे. जड उचलणे, फार वेळ उभे राहणे, उन्हात राबणे या बाबतीत ते बरोबर आहे. पण रसायनांच्या बाबतीत हा समज अपुरा आहे. गर्भ राहिल्यानंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात बाळाचे हृदय, मेंदू, मणका, हातपाय यांची घडण होते. यातल्या बऱ्याच काळात आईला स्वतःला पुरते कळलेलेही नसते, किंवा पाळी थोडी पुढे गेली असेल असे तिला वाटत असते.

आता काही धोके एक-एक पाहू.

शिसे : जुन्या बॅटऱ्या, काही रंग, धातू वितळवणे या कामांत शिसे येते. ते आईच्या रक्तातून वारेमार्फत बाळापर्यंत पोहोचते. शिवाय पूर्वी अंगात गेलेले शिसे हाडांत साठून राहते आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरते. म्हणून काम बदलले तरी पूर्वीचा हिशेब संपत नाही.

द्रावके : रंग, गोंद, औषधे यांच्या कामात टोल्युइनसारखी उग्र वासाची द्रावके वापरतात. बंद जागेत त्यांची वाफ सतत श्वासात गेली, तर गर्भपात आणि बाळातील दोष यांचा धोका वाढतो. ‘वासाची सवय झाली’ म्हणजे शरीराने ते स्वीकारले असा अर्थ नाही. फक्त नाकाने सांगणे सोडले आहे.

धूर : वीटभट्टीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि बाळाच्या रक्ताला आईच्या रक्तापेक्षाही घट्ट चिकटतो. आईचे फक्त डोके दुखत असते, तेव्हा बाळाला प्राणवायू कमी पडत असतो.

उष्णता व पाणी : भट्टीजवळ किंवा बॉयलरजवळ अंग फार तापणे बाळाला बाधते. त्यात स्वच्छतागृह नाही म्हणून आपल्या बहिणी पाणीच कमी पितात. मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि त्यातून वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. म्हणजे शौचालय नसणे हासुद्धा गरोदर स्त्रीसाठी सुरक्षेचाच प्रश्न आहे.

रक्ताची कमतरता : गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो पंडुरोग मानतात. आधीच रक्त कमी असलेल्या बहिणीवर वरील प्रत्येक धोक्याचा परिणाम जास्त होतो.

आणखी एक लक्षात ठेवू. पावडर कपड्यांवरून घरी येते. पाळी संपल्यावर त्याच साडीने ती लेकराला पदराखाली घेते. कामाचे कपडे वेगळे ठेवणे आणि कामावरून निघताना हातपाय धुणे ही स्वस्तातली मोठी काळजी आहे.

३. कायदा काय देतो

या बाबतीत आपले राज्य पुढे होते. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला. भारतातला हा पहिलाच. त्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलणे योग्यच आहे, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे बाळंतपणाची रजा ही मालकाची मेहेरबानी नाही, हा विचार आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षांचा आहे.

स्वतंत्र भारतात १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेत हेच हक्क घेतले आहेत. ते कारखान्यांना, तसेच दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा दुकानांना व आस्थापनांना लागू आहेत. त्यांतले मुख्य असे :

• आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम केले असेल, तर पगारी रजेचा हक्क मिळतो.

• पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे. त्यांतले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. हयात मुले दोन किंवा अधिक असतील तर १२ आठवडे.

• बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर सहा आठवडे तिला कामावर लावणे हाच गुन्हा आहे. गर्भ पडला तर पुराव्यानिशी सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. ही गोष्ट आपल्या बहिणींना सहसा कोणी सांगत नाही.

• बाळंतपणाआधीच्या रजेचे पैसे आगाऊ द्यायचे असतात. उरलेले बाळंतपणाचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत.

• या रजेच्या काळात तिला काढून टाकता येत नाही.

• ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर हवे. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्या हव्यात.

राज्य कामगार विम्यात नाव असेल, तर हे पैसे मालकाऐवजी विमा महामंडळ देते. त्यासाठी मागच्या दोन अंशदान कालावधींत, म्हणजे साधारण एका वर्षात, मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार यात येतात. म्हणून पगारपत्रकावर विम्याचा क्रमांक आहे का, हे पाहायला प्रत्येकीला शिकवले पाहिजे.

‘मी ठेकेदाराची बाई, मला कुठला कायदा?’ असे अनेक जणी म्हणतात. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी दिले. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रिया रस्त्यांची खडीफोड, बांधकाम अशी कामे करत होत्या. त्या कायम नोकरीत नाहीत म्हणून त्यांना लाभ नाही, असे पालिकेचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. हजेरीपटावरच्या रोजंदार स्त्रीलाही मातृत्व लाभ मिळालाच पाहिजे, असा निकाल झाला.

आता सुरक्षेबद्दल. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी वेगळे प्रकरण घालण्यात आले. आपण हाताळतो ते रसायन कोणते, त्याने काय होऊ शकते, हे जाणून घेण्याचा आणि सुरक्षेचे शिक्षण मिळण्याचा कामगाराला हक्क आहे. नव्या संहितेतही तो आहे. म्हणजे गोणीवर काय लिहिले आहे हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

४. कायद्यातली एक फट

गरोदरपणातील जड कामाबद्दल कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. कष्टाचे, फार वेळ उभे राहण्याचे किंवा गर्भाला बाधेल असे काम तिला देऊ नये. पण ही तरतूद वाचताना दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, तिने विनंती केली तरच ती लागू होते. दुसरी, ती बाळंतपणाच्या साधारण शेवटच्या दहा आठवड्यांपुरती आहे.

म्हणजे कायदा शेवटच्या अडीच महिन्यांकडे पाहतो आणि रसायन पहिल्या अडीच महिन्यांत इजा करते. मधली फट भरून काढायची तर मालकाला लवकर कळले पाहिजे आणि त्याने लगेच काम बदलले पाहिजे. दोन्ही गोष्टी पुन्हा तिच्या सांगण्यावरच येऊन थांबतात.

५. मग ती सांगत का नाही?

कारण सांगण्याची किंमत तिला रोख द्यावी लागते. ठेकेदार तिला ‘काढले’ असे म्हणत नाही. ‘उद्यापासून हलके काम नाही, बाळंत झाल्यावर ये’ असे म्हणतो. शब्द मायेचे, पण हजेरी बंद. ८० दिवस भरायच्या आत हजेरी बंद झाली की हक्कही गेला.

वीटभट्टीवर अडचण आणखी खोल आहे. तिथे नवराबायकोची जोडी लागते, हजार विटांमागे दर ठरतो आणि हिशेब नवऱ्याच्या नावावर असतो. पावसाळ्यात घेतलेली उचल त्याच हिशेबातून फेडायची असते. तिचे नाव कुठेच नाही. जिचे नाव हजेरीत नाही, तिचे ८० दिवस मोजायचे कसे? उचलीच्या बदल्यात कोणालाही कामावर डांबून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. पण कर्ज डोक्यावर असताना नवव्या महिन्यात घरी जायचे कोणत्या तोंडाने, असे कुटुंबालाच वाटते. शिवाय आदिवासी भागात गरोदर मातेला अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत रोज एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. ती भट्टीवर गेली की ते ताटही सुटते.

ही जोडीची पद्धत केवळ आपल्या जिल्ह्यात नाही. बीडच्या ऊसतोड कामगारांत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. कामाला न आल्यास ‘खाडा’ पडतो आणि दंड कापला जातो. पाळीचा त्रास, गरोदरपण, आजारपण, सगळ्याला खाडाच. तिथल्या स्त्रिया फार लहान वयात गर्भाशय काढून घेत आहेत, हे २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आले. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा परवडत नाही म्हणून शरीराचा अवयव द्यायचा, असा हा हिशेब होता.

हे अडाणीपणामुळे होते, असे कोणी म्हणेल. म्हणून दूरचे एक उदाहरण देते. अमेरिकेत बॅटऱ्या बनवणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्स या कंपनीने १९८२ मध्ये नियम केला की शिशाच्या कामावर कोणतीही स्त्री नको. मूल होणे शक्य नाही असा वैद्यकीय पुरावा असेल तरच ठेवू. नोकरी टिकावी म्हणून तिथल्या एका कामगार स्त्रीने नसबंदी करून घेतली. २० मार्च १९९१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम बेकायदा ठरवला. बाळाच्या काळजीचे नाव घेऊन आईची रोजीरोटी काढून घेता येणार नाही, असा त्याचा आशय. शिकलेला देश असो की ऊसाचा फड, ‘पोट की पोटातले बाळ’ अशी निवड करायला लावली, तर बाई स्वतःचे शरीर देऊन सुटका करून घेते.

म्हणून एक गोष्ट नीट समजून घेऊ. गरोदर स्त्रीला धोक्यापासून वाचवणे म्हणजे तिला घरी पाठवणे नव्हे. धोका दूर करायचा किंवा तिचे काम बदलायचे. मजुरी मात्र तीच राहिली पाहिजे.

६. हे शक्य आहे का? तारापूरचेच उदाहरण

नवापूरपासून थोड्या अंतरावर तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. १९६९ पासून तिथे वीज तयार होते. किरणोत्सर्गाच्या कामाला आपल्या देशात अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियम लागू आहेत. किरणोत्सर्गाच्या कामावरील माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. पण स्त्रीने आपण गरोदर आहोत असे कळवले की नियम बदलतो. उरलेल्या संपूर्ण गरोदरपणात गर्भापर्यंत १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा जाता कामा नये. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मानके याच्याही पुढे जाऊन सांगतात की तिने कळवले हे तिला कामावरून दूर करण्याचे कारण होऊ शकत नाही. मालकाने कामाची पद्धत बदलावी.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, कळवल्याबरोबर काय होणार हे आधीच लिहून ठेवले आहे. दोन, कळवणारीचे नुकसान होणार नाही हेही लिहून ठेवले आहे. इतक्या कडक धोक्याच्या कामात हे जमते, तर पॅकिंगच्या गाळ्यात ‘गरोदर बाईने ड्रम उचलायचा नाही, द्रावकाच्या खात्यात जायचे नाही, बसायला स्टूल द्यायचे’ एवढे तीन नियम भिंतीवर लावणे न जमण्यासारखे नाही.

७. वचनातून थोडा विचार

अनुवादाच्या २२ व्या अध्यायात घर बांधणाऱ्याला एक साधा नियम दिला आहे : नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, नाही तर कोणी पडला तर त्याचा दोष तुझ्या घरावर येईल. इथे पडणाऱ्याला ‘जपून चाल’ असे सांगितलेले नाही. बांधणाऱ्याला सांगितले आहे, आणि तेही कोणी पडण्याआधी. कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचा सगळा अर्थ यात आला.

उत्पत्तीच्या ३३ व्या अध्यायात एसाव याकोबाला सोबत घाईने नेऊ पाहतो. याकोब नम्रपणे नकार देतो. लेकरे कोवळी आहेत, दूध पाजणारी गुरेमेंढरे बरोबर आहेत. एक दिवस जरी त्यांना फार दौडवले तरी सगळा कळप मरेल, म्हणून मी त्यांच्या चालीने येईन, असे तो म्हणतो. जो सर्वांत नाजूक, त्याच्या चालीवर सगळ्या काफिल्याची चाल ठरली. आपल्या कामांच्या जागा नेमक्या उलट चालतात.

८. आपण काय करू शकतो

आपल्या वाचकांत सुपरवायझर आहेत, परिचारिका आहेत, शिक्षक आहेत, लहान कारखानदारही आहेत. प्रत्येकाला काही करता येईल.

(अ) नाव आणि दिवस लिहायला शिकवू. प्रत्येक बहिणीकडे एक छोटी वही असावी : तारीख, ठेकेदाराचे नाव, कंपनीचे फाटक, किती मजुरी मिळाली. मोबाइलवर हजेरीकार्डाचा फोटो काढून ठेवावा. भट्टीवर निघण्याआधी मुकादमाशी बोलून तिचे नाव हिशेबात वेगळे लिहायला लावावे. ८० दिवसांचा हक्क या वहीतून सिद्ध होतो.

(आ) अर्ज लिहून देऊ. अर्ज साधा असावा, दोन प्रती असाव्यात, एका प्रतीवर मिळाल्याची सही घ्यावी. सही देत नसतील तर पोस्टाने पोच घेऊन पाठवावा. नमुना असा :

‘मी आपल्याकडे ____ पासून ____ खात्यात काम करते. मी गरोदर असून डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख ____ सांगितली आहे. दाखला जोडला आहे. मला जड उचलण्याचे, सतत उभे राहण्याचे व रसायनांच्या संपर्काचे काम देऊ नये आणि त्याच मजुरीवर दुसरे काम द्यावे, ही विनंती. माझी मातृत्व रजा ____ पासून सुरू करावी.’

(इ) नोंदणी लवकर करू. पाळी चुकली की आशाताईकडे जावे आणि पहिल्या बारा आठवड्यांत नाव नोंदवून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे. स्थलांतर करताना ते कार्ड भाकरीच्या फडक्याइतके जपून न्यावे. ते दाखवून दुसऱ्या गावीही तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर मोफत तपासतात.

(ई) असंघटित बहिणींच्या योजना. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या स्त्रीने राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी केली, तर तिथेही प्रसूतीसाठी मदत आहे.

(उ) तक्रार कुठे? मजुरी आणि रजेसाठी कामगार आयुक्त कार्यालय. कारखान्यातील धोक्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. स्त्रियांना आणि अनुसूचित जमातींना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. महिलांसाठी मदतीचा क्रमांक १८१. बहिणीला एकटीने पाठवू नये. सोबत मंडळीतली एक जाणती बाई असली की कचेरीतला सूर बदलतो.

(ऊ) आपल्या घरापासून सुरुवात. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईला दिवस गेले, तर आपण काय करतो? ‘आता तुला झेपणार नाही’ म्हणून दुसरी बाई पाहतो का? संडास साफ करण्याचे ॲसिड आणि बंद मोरीतला त्याचा वास तिलाही बाधतो. पाण्याने भरलेली बादली तिलाही जड असते. घरकामाला कायद्याचे हात अजून नीट पोहोचत नाहीत. म्हणून तिथे आपला विवेकच काय तो कायदा. तिच्या बाळंतपणात दोन महिन्यांचा पगार देऊन तिची जागा राखून ठेवली, तर भिंतीवर लिहिलेल्या वचनापेक्षा ते तिला जास्त समजेल.

शेवटी आपल्या मदतकार्याबद्दल. बाळंतविडा, धान्याचे पाकीट, दुपटी, ही मदत आपण प्रेमाने करतो आणि करत राहू. पण जिच्या २६ आठवड्यांच्या पगाराचा हक्क बुडाला, तिला पाच किलो तांदूळ देऊन आपण समाधानी झालो, तर बुडवणाऱ्याचे ओझे आपणच हलके केले. पाकीट देताना तिला दोन प्रश्न विचारू : तू कुठे काम करत होतीस, आणि तुझी हजेरी कोणाकडे आहे? तिथून खरे काम सुरू होते.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या ओळखीतील किती बहिणी ठेकेदाराकडे किंवा भट्टीवर काम करतात? त्यांतल्या किती जणींचे नाव हजेरीत आहे?

२. आपल्यापैकी कोणाच्या हाताखाली स्त्रिया काम करत असतील, तर ‘मला दिवस गेलेत’ असे त्या आपल्याला निर्भयपणे सांगतील का? नसतील तर कशामुळे?

३. कठड्याचा नियम आपल्या कामाच्या जागी आणि आपल्या घरात कुठे लागू होतो?

४. दिवाळीनंतर पाड्यावरून निघणाऱ्या कुटुंबांतील गरोदर बहिणींची यादी आपली भगिनी मंडळी अंगणवाडी ताई आणि आशाताई यांच्यासोबत यंदा करू शकतील का? ही जबाबदारी कोण घेईल, ते नावानिशी ठरवा.